सायलेन्सर बदलण्याआधी

स्पोर्ट बाइक घरी येते, पहिली सर्व्हिसिंगही झालेली नसते, आणि तेवढ्यात प्रश्न निघतो: एक्झॉस्ट कुठला लावायचा? केटीएम आरसी 390 असो, यामाहा आर15 असो की कावासाकी निन्जा, टायर आणि ब्रेक पॅडच्या आधी चर्चा सायलेन्सरची होते. पर्यायांना तोटा नाही. नाक्यावरच्या दुकानातल्या दीड-दोन हजारांच्या 'फ्री फ्लो'पासून स्लोव्हेनियाची अक्रापोविच, इटलीच्या ॲरो आणि एससी-प्रोजेक्ट, जपानची योशिमुरा यांच्या लाखाच्या घरातल्या टायटॅनियम सिस्टिमपर्यंत सगळं मिळतं. सल्लेही भरपूर मिळतात, पण बहुतेक अर्धवट असतात, कारण या एका प्रश्नात चार प्रश्न गुंतलेले आहेत: इंजिनाचा, वजनाचा, आवाजाचा आणि कायद्याचा. एकाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

आधी कंपनीने काय दिलंय ते बघू. इंजिनाच्या हेडला चिकटून निघतो तो बेंड पाइप. त्यात ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. धुरात किती ऑक्सिजन उरला हे तो ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, सतत कळवतो. पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट), म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी, जिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो. ही जाळी साधारण 300 अंशांवर तापली की धुरातले विषारी वायू कमी करण्याचं काम सुरू करते. मग मधला पाइप आणि शेवटी सायलेन्सर. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये पत्र्याच्या भिंतींनी पाडलेले कप्पे असतात; धूर त्यातून वळणं घेत जातो आणि आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटून मरतात. कप्पे, दुहेरी पत्रा आणि कॅट यांमुळे हे धूड जड होतं. पण ते उगाच जड केलेलं नाही. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 नियमांत दुचाकीला किलोमीटरमागे कार्बन मोनॉक्साइड 1 ग्रॅम, हायड्रोकार्बन 0.1 ग्रॅम आणि नायट्रोजनची ऑक्साइड 0.06 ग्रॅम एवढीच मुभा आहे. कॅट काढून टाकला तर कुठलीही पेट्रोल गाडी या आकड्यांच्या जवळपासही येणार नाही.

आता ताकदीचं. 'इंजिनाला थोडं बॅक प्रेशर लागतंच' हे गॅरेजमध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य चूक आहे. धूर बाहेर ढकलायला इंजिनाला जेवढी कमी मेहनत पडेल तेवढं बरंच. मग मोठ्या व्यासाचा मोकळा पाइप लावल्यावर गाडी खालच्या आरपीएमला मरगळते, ती का? कारण बिघडलेली असते लाटांची वेळ.

फोर-स्ट्रोक इंजिनाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट बेंड पाइपमधून धावत सुटते. त्या गरम वायूत तिचा वेग सेकंदाला साधारण 550 ते 600 मीटर असतो; बाहेरच्या हवेत ध्वनी 340 मीटरच जातो. पाइप जिथे एकदम रुंद होतो तिथे लाट उलटी फिरते, आणि फिरताना जास्त दाबाची लाट कमी दाबाची होते. ती व्हॉल्व्हपाशी परतली आणि नेमका त्याच क्षणी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत आणि इनटेक व्हॉल्व्ह उघडत असेल, तर उरलासुरला धूर ओढला जातो आणि ताजं मिश्रण आत खेचलं जातं. फुकटची ताकद मिळते ती इथे. 9000 आरपीएमला क्रँकचा एक फेरा 6.7 मिलिसेकंदांत संपतो. तेवढ्यात लाटेचं धावणं होतं जेमतेम चार मीटरचं. म्हणून बेंड पाइप पाच-दहा सेंटिमीटरने लांब किंवा आखूड झाला, तरी हा फायदा कुठल्या आरपीएमला मिळणार ते बदलतं. वर मिळवलं की खाली काहीतरी जातं. रेसमध्ये ते परवडतं, कारण तिथे गाडी सतत वरच्या आरपीएममध्येच असते. कोथरूडहून हिंजवडीला जाताना इंजिन दिवसभर तीन ते पाच हजारांत फिरतं, आणि तिथेच टॉर्क कमी झाला तर प्रत्येक सिग्नलला क्लच जास्त झिजतो.

हे शास्त्र आजचं नाही. हिदेओ 'पॉप' योशिमुरा यांनी 1971 मध्ये होंडा सीबी750 च्या चार सिलिंडरचे चार पाइप एकात आणून रेसला उतरवले. एका सिलिंडरची लाट दुसऱ्याच्या उपयोगी पडली आणि गाडी हलकीही झाली. यामाहाने 1987 मध्ये एक्सअप नावाची झडप आणली. खालच्या आरपीएमला ती पाइप अरुंद करते आणि वर गेल्यावर मोकळा करते, म्हणजे दोन्हीकडचा फायदा. आजच्या बऱ्याच मोठ्या स्पोर्ट बाइकना अशीच झडप असते. बाहेरची सिस्टिम लावताना ती काढून टाकली, की कंपनीने मधल्या आरपीएमसाठी केलेली मेहनतही तिच्यासोबत जाते, आणि ईसीयूला झडपेची मोटर सापडली नाही तर मीटरवर दिवा लागतो.

'सायलेन्सर बदलला की गाडी पळते' हा ठाम विश्वास आपल्याकडे आला, माझ्या मते, टू-स्ट्रोकच्या जमान्यातून. यामाहा आरएक्स 100 आणि राजदूत 350 यांवर वाढलेल्या पिढीने ते प्रत्यक्ष अनुभवलं होतं. टू-स्ट्रोकला असे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नसतात. ताजं मिश्रण एक्झॉस्ट पोर्टातून निसटू लागतं, आणि पोटाशी फुगीर असलेल्या पाइपातून परतणारी लाट ते पुन्हा आत ढकलते. तिथे पाइप हा इंजिनाचाच भाग असतो. पाइप बदलला की इंजिन बदललं. पूर्व जर्मनीत एमझेड कारखान्यातले अभियंते वाल्टर काडेन यांनी 1950 च्या दशकात यावर इतकं काम केलं होतं, की 1961 मध्ये त्यांचा रायडर अर्न्स्ट डेगनर हे तंत्र घेऊन पळाला, सुझुकीला मिळाला आणि पुढच्याच वर्षी सुझुकीने 50 सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं. फोर-स्ट्रोकमध्ये अशी जादू होत नाही. अनुभव खरा होता, पण तो दुसऱ्या इंजिनाचा होता.

बाजारात मुख्य प्रकार दोन: स्लिप-ऑन आणि फुल सिस्टिम. स्लिप-ऑनमध्ये फक्त शेवटचा सायलेन्सर बदलतो. बेंड पाइप आणि सेन्सर तसेच राहतात, आणि बहुतेक गाड्यांवर कॅटही. 150 ते 400 सीसीच्या गाडीला नामांकित कंपन्यांच्या स्लिप-ऑनचे त्यांनी स्वतःच छापलेले आकडे बघितले, तर वाढ एखाद-दुसऱ्या अश्वशक्तीच्या आतच असते. 18.4 पीएसच्या आर15 ला त्यातलं जे मिळेल ते रायडरने पोटावरचे काही किलो उतरवले तरी भरून निघेल. वजनाचा फायदा मात्र खरा आहे. कंपनीचा जड सायलेन्सर काढून चांगला स्लिप-ऑन लावला की दोन-तीन किलो सहज कमी होतात, आणि तेही गाडीच्या मागच्या, उंच आणि एका बाजूच्या टोकाचे, त्यामुळे गाडी वळवताना फरक जाणवतो.

फुल सिस्टिमचं प्रकरण वेगळं. बेंड पाइपपासून सगळं बदलतं, कॅट जातो, ताकद वाढू शकते; पण इंधनाचा नकाशा बदलला तरच. ईसीयू सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतो आणि मिश्रण 14.7 ला 1 या प्रमाणाच्या आसपास ठेवतो. थ्रॉटल पूर्ण उघडला की तो सेन्सरकडे लक्ष देत नाही. आधीच लिहून ठेवलेल्या तक्त्यावरून पेट्रोल सोडतो. तक्ता जुन्या एक्झॉस्टसाठी लिहिलेला असतो. मोकळ्या पाइपमुळे हवा जास्त येते, पेट्रोल तेवढंच राहतं, मिश्रण लीन होतं, इंजिन तापतं, नॉकिंग सुरू होतं. ज्या क्षणी गाडीकडून सर्वांत जास्त मागितलं जातं, नेमकं तेव्हाच हे घडतं. म्हणून फुल सिस्टिमबरोबर ईसीयू रिमॅप किंवा पिगीबॅक (ईसीयूला जोडायचा वेगळा डबा), आणि डायनोवरचं (ताकद मोजण्याच्या यंत्रावरचं) ट्यूनिंग, हा खर्च धरूनच हिशोब करायचा. बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचं पॉवरट्रॉनिक हे आपल्याकडचं परिचित पिगीबॅक. दुकानदार 'चार बीएचपी वाढतात' म्हणाला, तर त्याच गाडीचे, त्याच दिवशीचे, त्याच गिअरमधले आधीचे आणि नंतरचे डायनो आलेख मागा. दाखवले तर दुकान विश्वासाचं. नाही दाखवले तर तो आकडा तोंडी आहे.

थ्रॉटल सोडल्यावर मागून निघणारे फटाके अनेकांना आवडतात. ते न जळलेलं पेट्रोल पाइपात जळतंय याची खूण आहे. कधी जोडातून बाहेरची हवा आत येते म्हणून, कधी मिश्रण लीन होऊन मिसिंग होतं म्हणून, आणि कधी ट्यूनरने मुद्दाम इग्निशन मागे ढकलून ते पाडलेले असतात. कॅट जागेवर असेल तर तो या उष्णतेने वितळू शकतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हलाही ती सोसावी लागते.

आता आवाज, म्हणजे बहुतेकांच्या मनातलं खरं कारण. त्याला मी हलकं लेखत नाही. यंत्राचा आवाज आवडणं ही माणसाची साधी, प्रामाणिक आवड आहे. पण आवाजाचा सूर सायलेन्सर ठरवत नाही, इंजिनातले स्फोट कोणत्या अंतराने होतात ते ठरवतं. एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन 6000 आरपीएमला सेकंदाला 50 स्फोट करतं. चार सिलिंडरचं इंजिन 12000 ला 400 करतं. यामाहा आर1 ला 2009 मध्ये क्रॉसप्लेन क्रँक मिळाला आणि स्फोटांमधलं अंतर विषम झालं. तिची गुरगुर तिथून येते. रॉयल एनफिल्डच्या 650 ट्विनला 270 अंशांचा क्रँक आहे, निन्जा 300 ला 180 अंशांचा, म्हणून दोन्ही दोन सिलिंडरच्या असून वेगळ्या वाजतात. आर15 ला कितीही महाग पाइप लावला तरी ती आर1 सारखी वाजणार नाही. फक्त मोठ्याने आर15 वाजेल. बाहेरच्या बहुतेक सायलेन्सरमध्ये भोकं पाडलेली सरळ नळी आणि तिच्याभोवती ग्लासवूल असते. ही रचना बारीक, तीक्ष्ण आवाज छान शोषते, पण जाडाभरडा कमी कंपनांचा आवाज तिला आवरत नाही, आणि सिंगल सिलिंडरचा आवाज नेमका तसाच असतो. त्यामुळे मोठ्या चार सिलिंडर गाडीवर गोड वाटणारी जात 390 वर ठणठणते. शिवाय ग्लासवूल काही हजार किलोमीटरांत जळत, उडत जाते. आज सुसह्य वाटलेला पाइप वर्षभराने तसा राहत नाही. पॅकिंग नव्याने भरावं लागतं, आणि ते बहुतेक जण भरत नाहीत.

पाइपच्या तोंडाशी बसणारा, आवाज दाबणारा डीबी किलर दुकानदार पहिल्या दिवशीच काढून हातात देतो. तो काढू नका. आवाज 10 डेसिबलने वाढला की त्याची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो सुमारे दुप्पट वाटतो. शंभरच्या वेगात हेल्मेटच्या आतला वाऱ्याचाच आवाज 90 डेसिबलच्या वर जातो. त्यात मोकळा पाइप मिसळून पुणे-महाबळेश्वर केलं की संध्याकाळी कानात शिट्टी वाजते. ती शिट्टी ज्या पेशींची असते त्या पुन्हा उगवत नाहीत. 'मोठा आवाज असला की समोरचे सावध होतात, जीव वाचतो' हा युक्तिवादही तपासून बघावा. अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी 900 मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर पाहणी करून 1981 मध्ये अहवाल दिला. तीन चतुर्थांशांहून जास्त अपघातांत धोका रायडरच्या समोर, डावी-उजवीकडे 45 अंशांच्या आत होता. एक्झॉस्टचं तोंड मागे असतं. समोरून वळणाऱ्या रिक्षावाल्याला तो आवाज उशिरा ऐकू येतो. मागच्या इमारतीतल्या आजारी माणसाला मात्र पूर्ण ऐकू येतो, आणि नियमाने रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचे 100 मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात.

कायद्याची बाजू थोडक्यात आणि स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 120 नुसार प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच. 80 ते 175 सीसीच्या दुचाकीला 77 डेसिबल आणि 175 सीसीच्या वर 80 डेसिबल ही मर्यादा. पुण्याच्या एआरएआय यांसारख्या संस्थांत ती मोजतात: गाडी साधारण 50 च्या वेगाने येते, 20 मीटरच्या पट्ट्यात थ्रॉटल पूर्ण उघडतात आणि 7.5 मीटरवरचा मायक्रोफोन नोंद घेतो. ही मंजुरी अख्ख्या गाडीला असते, तिच्या मूळ सायलेन्सरसकट. युरोपातल्या पाइपवर गोलात ई आणि एक आकडा कोरलेला असतो, उदाहरणार्थ स्लोव्हेनियासाठी 26. ती मान्यता तिकडची आहे, इथल्या आरटीओवर ती बंधनकारक नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाहीत असं सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ खाली अशा बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड होऊ शकतो, आणि आवाज-प्रदूषणाच्या कलम 190(2) खाली पहिल्याच वेळी 10000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. पुणे, नागपूरसारख्या शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले ते याच कलमांखालच्या मोहिमांत. बुलेटचे पंजाबी आणि इंदोरी सायलेन्सर त्यात जास्त असले, तरी रोडरोलर 80 हजारांच्या टायटॅनियमलाही वेगळं वागवत नाही. अपघातानंतर विमा कंपनीने न कळवलेला बदल काढून दाखवला, की दाव्याचंही अवघड होतं.

इतकं होऊनही घ्यायचाच असेल, तर धातू नीट बघा. 304 प्रतीच्या स्टेनलेसला लोहचुंबक जवळजवळ चिकटत नाही, 409 ला चिकटतो. स्वस्त साध्या पत्र्याला तर घट्ट चिकटतो, आणि कोकणात एका पावसाळ्यात त्याला गंज धरतो. टायटॅनियमची घनता 4.5, स्टीलची 7.9 च्या आसपास, म्हणून ते हातात घेतल्याबरोबर कळतं. 'टायटॅनियम ब्ल्यू' म्हणून विकलेल्या पाइपला खिशातला चुंबक चिकटला, तर तो निळा रंग स्टीलवर चढवलेला आहे. मोठ्या ब्रँडची नावं लावलेल्या 'फर्स्ट कॉपी'ने बाजार भरला आहे; त्यांची वेल्डिंगची शिवण बघितली तरी फरक दिसतो, खऱ्या पाइपवर ती एकसारखी, पातळ खवल्यांची असते. आरसी किंवा ड्यूकला पोटाखालून जाणारा पाइप घेताना आपल्या गल्लीतला सर्वांत उंच गतिरोधक आठवा.

बसवताना जोडाचं गॅस्केट नवं घ्या, जुनं पुन्हा दाबू नका. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी कुठे बारीक गळती राहिली, तर बाहेरची हवा आत जाऊन सेन्सरला मिश्रण लीन असल्याचं खोटं कळतं, ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि मायलेज पडतं. मालक मग पेट्रोल पंपाला दोष देत राहतो. गाडी थंड असतानाच सुरू करून जोडाभोवती साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की गळती सापडली. आणि पहिल्यांदा इंजिन सुरू करण्यापूर्वी पाइप आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ पुसा. बोटांचा तेलकट ठसा तापलेल्या टायटॅनियमवर आणि स्टेनलेसवर कायमचा भाजला जातो. शोरूमसारख्या दिसणाऱ्या लाखाच्या पाइपवर मिस्त्रीच्या अंगठ्याची रेषान् रेष उमटलेली मी बघितली आहे.

माझा कौल असा. रस्त्यावर चालणाऱ्या 150 ते 400 सीसीच्या गाडीला कंपनीचा एक्झॉस्टच ठेवावा. कायद्याच्या चौकटीत बसणारा आणि ताकदीत ठळक फरक पाडणारा बदल या गटात नाही, आणि कॅट काढणं म्हणजे आपल्या शौकासाठी मागच्या स्कूटरवरच्या मुलाच्या फुप्फुसांत विष सोडणं आहे. ते मला कुठल्याही कारणाने मान्य नाही. 40-50 हजार हातात असतील तर चांगले टायर, चांगले ब्रेक पॅड आणि चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर किंवा कोइमतूरच्या कारी स्पीडवेवर एखादं प्रशिक्षण घ्या. लॅप टाइममधली आणि घाटातल्या सुरक्षिततेतली सुधारणा कुठल्याही पाइपपेक्षा जास्त असेल. ज्याची गाडी ट्रेलरवरून सर्किटवर जाते आणि ट्रेलरवरूनच परत येते, त्याने खुशाल फुल सिस्टिम लावावी, डायनोवर नकाशा बसवून घ्यावा.

आणि काहीही लावलंत तरी कंपनीचा मूळ सायलेन्सर भंगारात विकू नका. तेल पुसून, तोंडात कापड कोंबून कोरड्या जागी ठेवा. गाडी विकताना, वॉरंटीचं काम निघाल्यावर आणि 15 वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना आरटीओत गाडी उभी करायची वेळ आली, की तोच परत लावावा लागतो.